काळ्यावरचं ऊन

पावसाळ्यानंतरचं पहिलं खरं ऊन आमच्या साजगावात आश्विनात पडतं, पण त्याला तिरपेपणा येतो तो कार्तिकात. भातं कापून झालेली असतात, खाचरांतून नुसते बुडखे उरलेले असतात, पूर्वेला घाटाची भिंत इतकी धुतलेली दिसते की वरून खोपोलीच्या वीजघराकडे उतरणारे टाटांचे पाण्याचे नळही नजरेने शोधावेसे वाटतात, आणि चार वाजून गेले की पश्चिमेकडचं ते ऊन जमिनीला जवळजवळ टेकून चालायला लागतं. उंबऱ्यावरून आत शिरतं ते थेट मागच्या भिंतीला जाऊन थांबतं. पितळी घागरीचा जुना पोचा, सारवलेल्या जमिनीवरची बोटांची वळणं, चुन्याच्या कुंचल्याने भिंतीवर सोडलेल्या रेघा, दुपारभर जे कुणाच्या लक्षातही नव्हतं ते सगळं या उन्हात उठून उभं राहतं. तासाभराचा खेळ. मग घाटमाथा तांबडा होतो आणि सारं पुन्हा मिटतं.

हे ऊन पाहायला मला मामाने शिकवलं, काळ्या गाडीच्या बॉनेटवर.

मामा तरुणपणी मुंबईत, कुर्ल्याला, रंगाच्या कामावर होता. टॅक्सी रंगवायचा, टप पिवळा, बाकी अंग काळं. पद्मिनी जिथे बनायची तो प्रीमियरचा कारखानाही कुर्ल्यातच, त्यामुळे त्या गाडीचं नाव तो घरच्या माणसाचं घ्यावं तसं घ्यायचा, आणि जुन्या सवयीने तिला फियाटच म्हणायचा. पुढे गावी परतला आणि रस्त्याकडेला पत्र्याची शेड घातली. डेंटिंग, पेंटिंग, रबिंग, पॉलिश. शेडचं तोंड पश्चिमेला. लोक म्हणायचे, दुपारनंतर उन्हात मराल. तो म्हणायचा, म्हणूनच तर.

कुर्ल्याचं काळं वेगळं होतं, असं तो सांगायचा. तेव्हा रंग म्हणजे रंगच, वर दुसरं काही नाही. वॉटर पेपर मारून, हाताने कंपाउंड घासून गाडी चमकवायची, आणि घासता घासता फडक्याला काळं लागायचं, बोटांना लागायचं, जेवताना नखांत दिसायचं. आता काळं खाली असतं. त्याच्यावर पारदर्शक क्लिअर कोट, जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. लख्ख काळी गाडी पाहणं म्हणजे या थरातून तळाशी पाहणं. ओरखडे पडतात ते या थरावर. खालच्या काळ्याला धक्काही लागलेला नसतो, पण उजेड त्याच्यापर्यंत पोचण्याआधी वरच्या वर विखुरतो आणि काळं राखाडी होऊन जातं. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तितकेच असतात, फक्त पांढरं आपल्याच उजेडात त्यांना सामावून घेतं. काळ्याकडे लपवायला काही नाही.

आणि नेमकं हेच बारीक बारीक मामाला दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मशीनच्या आवाजावरून पॅड कुठे अडतोय ते त्याला कळायचं, पत्र्यावर हाताची पाठ टेकवून तापमान सांगायचा, बोट फिरवून कुठे धूळ बसलीय ते ओळखायचा. पण ते ओरखड्यांचं जाळं दिसायचं नाही. म्हणून शाळा सुटली की त्याची हाक यायची. "बाय, इकडे ये. बस खाली. आणि बघ."

मी बॉनेटच्या कोपऱ्याशी उकिडवी बसायचे, डोळे पत्र्याच्या पातळीला आणायचे आणि उन्हाच्या दिशेने पाहायचे. आधी नुसती चमक दिसायची. मग नजर स्थिरावली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती केसासारखी बारीक वर्तुळं उगवायची, एकात एक, एकात एक. मी सरकले की वर्तुळंही सरकायची. गाडीवर कुठेच ती ठरून बसलेली नव्हती. मी जिथे, तिथे ती. मला वाटायचं, कुणीतरी गोल गोल घासून ती काढलीत. मामाने एकदा हसून सांगितलं की ओरखडे सगळ्या दिशांना असतात गं, पण उजेडाला आडवे असतील तेवढेच पेटतात. पावसात भिजलेल्या झाडामागे रस्त्यावरचा दिवा लागला की त्याच्याभोवती फांद्यांचं घरटं विणलेलं दिसतं ना, तसं. झाडाने काही फांद्या गोल वाढवलेल्या नसतात. त्या रात्री मी मुद्दाम आंब्याखाली जाऊन उभी राहिले होते. खरंच होतं.

हे जाळं यायचं कुठून, तर मायेतून. घाटाखालच्या या पट्ट्यात धूळ काय कमी? मालट्रकची, कारखान्यांची, उन्हाळ्यात शेताची. मालक सकाळी चहा घेऊन बाहेर येणार, नव्या काळ्या गाडीवर धूळ पाहून त्याचा जीव कळवळणार, आणि तो पिवळा फडका घेऊन कोरडीच पुसणार. तीच धूळ तिच्यावरून ओढणार. रोज. ज्याचं गाडीवर प्रेम कमी त्याची गाडी बरी राहते, असं मामा म्हणायचा, आणि मग आपणच त्यावर मान हलवायचा.

एकदा एक काळी जीप आली होती, विठोबाच्या यात्रेच्या दिवसांत. धुऊन, पुसून, वाळवून झाली आणि मी खाली बसले, तर मागच्या दरवाजावर तिरप्या उन्हात अक्षरं. क, का, कि, की, कु. कुण्या पोराने धुळीवर बोटाने बाराखडी गिरवली होती. धूळ पाण्याने गेली, पण बोटाखाली रगडलेल्या कणांनी अक्षरं काचेसारख्या त्या थरात कोरून ठेवली होती. कु पाशी थांबलेली. आईने दंडाला धरून ओढलं असेल, पाळण्यांकडे. मामाने विचारलं, "काय दिसतंय?" मी वाचून दाखवलं. तो थोडा वेळ मशीन हातात धरून नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "कू राहिला की गं बिचाऱ्याचा."

मग त्याने ते पुसलं. म्हणजे पुसलं असं म्हणायचं; ओरखडा काही भरून निघत नाही. त्याच्या भोवतीचा थरच त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा असतो, मायक्रॉन दोन मायक्रॉन, बस. तेवढ्यासाठी त्या पातळ थरातला थोडा थर कायमचा जातो. म्हणून नवी गाडी आली की मामाचा पहिला प्रश्न, आधी कितीदा पॉलिश झालीय? आणि उत्तर ऐकून कधी कधी गाडी तशीच परत पाठवायचा. उरलंय ते राहू दे तिच्या अंगावर, म्हणायचा. गिऱ्हाईक चिडायचं. मामी त्याहून चिडायची.

त्याच्याकडे आधी जुनं, एकाच आसाभोवती गरगरणारं रोटरी मशीन होतं. लोकरीचा पॅड लावून ते काळ्यावर फिरवलं की खोल ओरखडे भराभर जायचे, पण मागे स्वतःची पायवाट सोडून. सावलीत गाडी आरसा दिसायची, आणि उन्हात काढली की मशीन जिथून जिथून गेलं तिथे उजेडाचे झुलते पट्टे. होलोग्राम म्हणतात त्याला. चूक झाकायला गेलेल्या हाताची चूक. पुढे दुहेरी गतीचं मशीन आलं, ज्याचा पॅड स्वतःभोवतीही फिरतो आणि त्याचा आसही एका छोट्या गिरकीत फिरतो, त्यामुळे त्याचा एक कण एकाच वाटेने दोनदा जात नाही. पॅडमागच्या चकतीवर मामाने मार्करने एक रेघ मारून ठेवली होती. जोर जास्त झाला की पॅड नुसता थरथरतो, फिरायचा थांबतो, आणि रेघ ओळखू यायला लागते. माझं दुसरं काम ते, रेघ दिसली की ओरडायचं.

त्या मशीनला दाबावं लागत नाही. शेवटच्या हाताला तर मऊ फोमचा पॅड, सर्वांत बारीक पॉलिश, आणि मशीनचं स्वतःचं वजन असेल तेवढाच भार. हातभर चौकोन घ्यायचा, आधी उभं, मग आडवं, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली, आणि चाल इतकी सावकाश की पाहणाऱ्याला जांभई यावी. पत्रा उन्हात तापलेला चालत नाही, पॉलिश वाळून चिकटतं. म्हणून काम सावलीत आणि परीक्षा उन्हात. कडांवर रंग पातळ असतो, तिथे टेप. काळ्या रबरावर पांढरं पॉलिश बसलं की निघता निघत नाही, तिथेही टेप. पॅड सारखा झटकायचा, कारण निघालेला थर त्यातच साठतो आणि तोच पुन्हा ओरबाडतो. मला हे सगळं तोंडपाठ आहे आणि मी आयुष्यात कधी मशीन हातात धरलेलं नाही.

त्या शेडचा वास मात्र कुठे शोधू? कार्तिकी एकादशीपासून शेजारच्या ताकईला विठोबाची यात्रा भरते, पंधरवडाभर. तुकोबा मिरच्या विकायला घाट उतरून या बाजूला येत, अशी इकडची श्रद्धा. लोक त्या देवाला लाडाने बोंबल्या विठोबा म्हणतात, कारण यात्रेत सुक्या मासळीचा बाजार भरतो. बोंबील, सोडे, जवळा, वर्षाची बेगमी पोत्यांनी जाते. बैलांचा बाजार, घोंगड्या, पाळणे. माळकऱ्यांच्या दिंडीच्या वाटेवरच बोंबलांचे ढीग, आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. मला तर हा विठोबा फार समजूतदार वाटतो. वारा फिरला की तो खारट, वाळका, किनाऱ्याचा वास खाचरांवरून शेडमध्ये यायचा आणि पॅडखाली कोमट झालेल्या पॉलिशच्या किंचित गोड, रॉकेलची आठवण देणाऱ्या वासात मिसळायचा. टाळांचा आवाज, मशीनची घुंघुं, आणि तो वास. आहा! पुण्याच्या घरात मी जवळा भाजते तेव्हा अर्धा वास येतो. अर्धाच.

यात्रेच्या धुळीत पॉलिशचं काम घेणं म्हणजे वेडेपणा, असं मामाचे व्यवसायबंधू म्हणत. त्याला मात्र तेच दिवस हवे असत. पावसात हवेला ओल, उन्हाळ्यात ऊन डोक्यावर. या पंधरवड्याचं ऊनच त्याला खरं काय ते सांगायचं. ट्यूबलाइटखाली गाडी दाखवायची नाही, हा त्याचा नेम. पसरट उजेडात सगळंच गुळगुळीत दिसतं. दुसरा नेम तेलाचा. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरून राहतं, गाडी ओली चमकते, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देऊन जातं, आणि दोन धुण्यांत तेल गेलं की जाळं जसंच्या तसं. म्हणून तो आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून घ्यायचा, चमक थोडी उतरवून घ्यायचा, गाडी दारात ढकलायचा आणि मग मला हाक मारायचा. मी 'काही नाही' म्हटलं तर एकदा विचारायचा, "नक्की?" दहा-अकरा वर्षांच्या मुलीला कुणी नक्की विचारत नाही. तो विचारायचा. आणि मी पुन्हा बसायचे.

तेव्हापासून माझी नजर थोडी बिघडलीय. नव्या घरात गेले की मी फरशीकडे तिरपी पाहते. आईचा चेहरा संध्याकाळी खिडकीशी असताना पाहते, तेव्हा दुपारी न दिसलेल्या रेघा दिसतात आणि पाहू नये असं वाटतं, आणि तरी पाहते. पंढरीच्या विठ्ठलाच्या पायांची झीज झाली, वज्रलेप करावा लागला, हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते काळे पाय तिरप्या उन्हातच आले होते, लाखो कपाळांनी मायक्रॉन मायक्रॉन उतरवलेले.

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा मामा टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसला होता. त्याने फक्त विचारलं, "काळं कसं आहे गं तिचं?" मी म्हटलं, टीव्हीवर नाही कळत मामा. "हं," म्हणाला. बराच वेळ खुर्ची मागे घेतली नाही.

डोळ्यांचं ऑपरेशन तो वर्षानुवर्षं टाळत आला होता. शेवटी मामेभावाने नेऊन करवून आणलं, आधी एक डोळा, मग दुसरा. त्यानंतरच्या कार्तिकात मी साजगावला गेले. शेड आता मामेभाऊ चालवतो. कपाळाला दिवा बांधून काम करतो, हात बापाचाच आहे. दारात एक काळी गाडी उभी होती, नुकतीच पुसलेली, तिच्या अंगावर घाट उलटा होऊन पडलेला. मामा काठी न घेता तिच्याभोवती फिरला. एकदा. पुन्हा उलटा. मामेभाऊ हात पुसत उभा, त्याने माझ्याकडे पाहिलं, मी खांदे उडवले. मला तर कुठेच काही दिसत नव्हतं.

"डावा मागचा दरवाजा," मामा म्हणाला. "हँडलखाली."

हँडलच्या वाटीत नखांच्या रेघा होत्या. दार उघडताना प्रत्येकाची लागतात.

"तिथे मशीन जात नाही, बाबा."

"बोट जातं ना?" म्हणत त्याने स्टूल ओढलं, फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून त्यावर पॉलिशचा ठिपका घेतला आणि वाकून बसला. मी सवयीने शेजारी उकिडवी बसले, डोळे पत्र्याच्या पातळीला आणून. त्याने कोपराने मला हलकेच ढोसलं.

"सर गं बाय जरा, उजेड अडवतेस माझा."