लिहिणे, छापणे आणि सांगणे

सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्रज स्त्रियांचे साहित्य जामखेडमध्ये कशासाठी शिकवायचे, असे सहकारी मला अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे. वर्गातील बहुतेक मुली आसपासच्या खेड्यांतून येतात. काहींची घरे दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून जातात. कॅथरीन फिलिप्सशी त्यांना काय कर्तव्य? उपयुक्ततेच्या भाषेत याला माझ्यापाशी उत्तर नाही. मात्र 'लिहिणे' या क्रियापदाचा अर्थ कोणी व कसा ठरविला, हे या विषयात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

व्हर्जिनिया वुल्फने १९२९ साली 'अ रूम ऑफ वन्स ओन'मध्ये शेक्सपिअरला एक बहीण कल्पिली. प्रतिभा भावाइतकीच; परंतु स्त्री म्हणून वाट्याला आलेला शेवट आत्मघाताचा. विद्यार्थिनींना ही कथा तत्काळ पटते, कारण शिक्षण अर्ध्यावर सोडून लग्न लावून दिलेली एखादी बहीण त्यांच्याही परिचयाची असते. रूपक म्हणून ती प्रभावी आहेच. वाङ्मयेतिहास म्हणून मात्र ती अपुरी आहे, असे माझे मत आहे. मार्गारेट एझेल यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या कथेमागचे गृहीतक उघड केले: छापील पुस्तक हाच लेखिका असल्याचा पुरावा. डोरोथी ऑसबर्नची पत्रे वुल्फला मोहवितात, तरी त्यांत तिला दिसते ती न झालेली ग्रंथकर्ती. पत्र हेच लेखन असू शकते, वही हातोहात फिरणे हाच वाङ्मयव्यवहार असू शकतो, ही शक्यता त्या मांडणीत मागे पडते.

फिलिप्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लंडनपासून दूर, वेल्समधील कार्डिगन येथे राहून तिने मित्रमैत्रिणींचे एक मंडळ जमविले, 'ओरिंडा' हे नाव घेतले, आणि तिच्या कविता हस्तलिखितांतून नावाजल्या गेल्या. १६६४ च्या जानेवारीत तिच्या संमतीवाचून त्या छापल्या गेल्या तेव्हा तिला आनंदापेक्षा मनस्ताप अधिक झाला, असे तिची पत्रे सांगतात. त्याच वर्षी जूनमध्ये ती देवीच्या साथीत गेली. तिच्या हस्ताक्षरातील एक वही वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलेली आहे.

याच्या उलट इझाबेला व्हिटनी. चाकरी सुटलेली, पदरी पैसा नसलेली ही बाई १५७३ मध्ये लंडन शहराच्या नावे पद्यात मृत्युपत्र करते आणि त्या शहराला त्याचीच दुकाने, त्याचेच कापड, त्याचेच तुरुंग वारसा म्हणून देते. तिने छापले. प्रतिष्ठित घरातील स्त्रीला छपाईत संकोच वाटे. व्हिटनीला तो परवडणारा नव्हता. (जामखेडच्या आठवडे बाजाराच्या नावे असेच मृत्युपत्र लिहून आणा, असे मी वर्गाला सांगते. परीक्षेच्या उत्तरांपेक्षा ती वाचनीय असतात.)

आता आपल्याकडे पाहू. वुल्फचे पुस्तक निघाले त्याच १९२९ साली जस्टिन ॲबट यांनी केलेले संत बहिणाबाईंच्या आत्मकथनाचे इंग्रजी भाषांतर पुण्यात प्रसिद्ध झाले. गोदावरीपलीकडे शिऊरला राहिलेली ही स्त्री (१६२८–१७००) फिलिप्सची जवळजवळ समवयस्क. नवऱ्याची मारहाण आणि ब्राह्मण घरात राहून तुकोबांना गुरू मानण्याचे धाडस तिने अभंगांत सांगितले. अखेरच्या दिवसांत पूर्वजन्मांची हकीकत मुलाला सांगितली. यांतील कर्ती कोण आणि लेखक कोण? जामखेड तालुक्यातील चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या पत्रांविषयीही हाच प्रश्न उभा राहतो, कारण दरबारी पत्राची लेखणी बहुधा कारकुनाची असे. केवळ स्वहस्ताक्षराचा आग्रह धरला, तर मराठीतील स्त्रीलेखनाचा फार मोठा भाग हातातून निसटेल.

ओव्यांचे तर बोलायलाच नको. हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांची गणना जनगणनेने निरक्षरांत केलेली असणार. तथापि फिलिप्सचे मंडळ आणि जाते यांना एकाच पंगतीत बसविणे मला मान्य नाही. फिलिप्सपाशी वही होती, फुरसत होती, टोपणनाव होते. पहाटे दळणाऱ्या बाईपाशी यांतले काहीच नव्हते, आणि तिच्या ओवीवर एकटीचा हक्क सांगण्याची तिला गरजही वाटली नाही. स्त्रीवादी समीक्षेने हा वर्गभेद साम्याच्या उत्साहात झाकून टाकू नये.

एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आजीच्या ओव्या उतरवून आणल्या. मुखपृष्ठावर स्वतःचे नाव घालायचे की आजीचे, यावर तिचे अडले होते. मी व्हिटनी आणि फिलिप्स दोघींचे दाखले दिले. तिचे समाधान झाले नाही. तिने आजीलाच विचारले. आजी म्हणाली, यांतल्या निम्म्या तिच्या आईच्या, काही नणंदेच्या, आणि दोन-तीन कोण्या पाहुणीने एका रात्री दळताना म्हटलेल्या. त्या पाहुणीचे नाव आता कोणाला ठाऊक नाही. प्रकल्पाच्या छापील अर्जात लेखकासाठी एकच रकाना आहे.