सोनेरी शिरस्त्राणाचा योद्धा

एका प्राचीन दुर्गाच्या चित्रदालनात एक म्हातारा शिडीवर चढून जुन्या चित्रांवरची काजळी पुसत असतो. एक निरोप्या मुलगा तेथून जाता जाता थबकतो. म्हाताऱ्यापुढच्या चित्रात चिलखत घातलेला एक योद्धा ओसाड माळावर उभा आहे. त्याच्यापाशी शस्त्र नाही. हातात एक निशाण आहे, पण ते वाऱ्यावर फडकत नाही. ताठ उभे आहे. तोंडावरचे झाकण सोन्याचे असून त्याला डोळ्यांसाठी फटसुद्धा नाही. म्हातारा बोळा फिरवतो, तसा योद्ध्याच्या खांद्यामागून निळा गोल उजळू लागतो. मुलगा हे सारे डोळे भरून पाहतो आणि जसेच्या तसे आपल्याला सांगतो. मात्र चित्र कशाचे, ते काही त्याला उमगत नाही.

वाचकाला मात्र एकाएकी उमगते. १९६९ च्या जुलै महिन्यात मनुष्य चंद्रावर उतरला, तेव्हा तेथे वारा नसल्यामुळे निशाणाच्या वरच्या कडेला आडवी दांडी बसवावी लागली होती, आणि प्रखर उन्हापासून डोळे वाचावेत म्हणून अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेवर सोन्याचा मुलामा होता. हा योद्धा नव्हेच! तो चांद्रवीर आहे, आणि निळा गोल म्हणजे आपली पृथ्वी.

हा प्रसंग अमेरिकन लेखक जीन वुल्फ यांच्या ‘द बुक ऑफ द न्यू सन’ या कादंबरीमालेतला. तिचे चार भाग १९८० ते १९८३ या काळात प्रसिद्ध झाले. वुल्फ हे व्यवसायाने अभियंते होते. बटाट्याचे एकसारख्या आकाराचे काप तळून काढणाऱ्या एका यंत्राच्या घडणीत त्यांचा हात होता. अशा गृहस्थाने लिहिलेली ही कथा अतिदूरच्या भविष्यकाळातली आहे. सूर्य मंदावून लालसर झाला आहे, चंद्रावर अरण्ये वाढून तो हिरवा दिसतो, आणि माणसे आपला पूर्वेतिहास विसरून गेली आहेत. ज्याला सगळे बुरूज म्हणतात, ते वस्तुतः कोणे एके काळचे अंतराळयान असते. पण तसे कोणी स्पष्ट सांगत नाही.

कथा सांगतो तो सेव्हेरियन. कैद्यांना यातना देणाऱ्यांच्या संघात वाढलेला हा अनाथ मुलगा. एका कैदी स्त्रीची त्याला दया येते आणि त्यापायी त्याला घर सोडावे लागते. पुढे तो राज्याचा अधिपती होतो आणि मग ही हकीकत लिहितो. आपण काहीच विसरत नाही, असे तो आरंभीच बजावतो. परंतु थोड्याच पानांनंतर, आपल्या डोक्यात थोडेसे वेड असावे, अशीही कबुली देऊन टाकतो! काही गोष्टी तो ऐन वेळी गाळतो आणि मागाहून सहज बोलता बोलता सांगतो.

वाचकांची तक्रार येथूनच सुरू झाली. कित्येकांनी पहिला भाग अर्ध्यावरच मिटून ठेवला. कथा सांगणाऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवायचा नाही, तर मग पुस्तक हाती धरायचे कशाला, असे त्यांचे म्हणणे. आणि ते अगदीच चुकीचे होते असे नाही. सहलीहून परतलेला मित्र साऱ्या गमती सांगू लागला आणि मध्येच आपण त्याला खोटे बोलताना पकडले, तर उरलेली सहलही आपल्याला खोटी वाटू लागते. शिवाय सेव्हेरियन लिहितो तो सिंहासनावर बसून. आपली दया, आपले शौर्य यांचे वर्णन त्याने थोडे उजळून केले नसेल कशावरून?

दुसऱ्या काहींना मात्र या पुस्तकाने वेड लावले. त्यांनी ते पुनःपुन्हा वाचले, समासात खुणा केल्या, सेव्हेरियनचे आईबाप कोण यावर वर्षानुवर्षे वाद घातले. त्यातले अनोळखी शब्द लेखकाने रचलेले नसून जुन्या कोशांतून वेचलेले आहेत, हे कळल्यावर तर त्यांचा उत्साह दुणावला. १९९४ साली या मालिकेतल्या शब्दांचा एक स्वतंत्र कोशच निघाला. १९८७ मध्ये वुल्फ यांनी पाचवा भाग लिहून काही कोडी सोडवली. तेव्हा काही वाचक सुखावले, तर काही हिरमुसले. कोडे आपले आपण सोडवण्यातली गोडी गेली, असे त्यांना वाटले. नील गेमन या लेखकाचा सल्ला मोठा गमतीचा आहे: वुल्फ यांच्या लेखनावर पूर्ण विश्वास ठेवा, आणि मुळीच ठेवू नका. ऐकणाऱ्याने करावे तरी काय!

सेव्हेरियनला सरसकट लबाड म्हणणाऱ्यांनी ते चित्रदालन आठवून पाहावे. निशाण ताठ होते हे त्याने लपवले नाही. सोनेरी झाकण, ओसाड माळ, निळा गोल, सारे काही त्याने आपल्या हाती ठेवले. त्याची स्मृती चुकली नाही, आकलन तोकडे पडले. अर्थात प्रत्येक ठिकाणी असेच घडते, असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. आपल्या वर्तनाविषयी तो बोलू लागला, की त्याचा तोकडेपणा कुठे संपतो आणि चतुराई कुठे सुरू होते, हे ठरवणे कठीण जाते. वाद आहे तो तेवढ्याच जागेचा.

वुल्फ २०१९ साली निवर्तले. वाद चालूच आहे. पुस्तक रागाने मिटणाऱ्यांतले काही जण पुढे कधीतरी ते पुन्हा उघडतात आणि त्या शिडीपाशी येऊन थांबतात. म्हातारा बोळा फिरवीत असतो, निळा गोल उजळत असतो. आणि आंधळ्या ग्रंथपालासाठी दिलेली चिठ्ठी घेऊन तो मुलगा पुढच्या दालनाकडे निघालेला असतो.