गंजलेला जोड

बाबांच्या ट्रकचे बल्ब महिन्यात तिसऱ्यांदा उडाले. बॅटऱ्यांचं पाणी आटत होतं, सडक्या अंड्यांसारखा वास यायचा. गॅरेजवाला म्हणाला, "नवा अल्टरनेटर टाका." बाबा गप्प. दिवाळी तोंडावर होती.

मी मीटर लावला. 24 व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना 28 च्या आसपास हवेत; बॅटऱ्यांवर 31 दिसले. पण रेग्युलेटरला त्यांची खबर देणाऱ्या बारीक वायरीच्या टोकाला 28च! मधला जोड गंजलेला. बिचाऱ्याला वाटायचं बॅटऱ्या अजून भरल्या नाहीत, म्हणून तो ओततच राहायचा.

इंजिन बंद करून जोड घासला, घट्ट केला. पुन्हा चालू केलं, तर दोन्हीकडे 28.

नोकरी सोडल्यापासून बाबा माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. त्या संध्याकाळी म्हणाले, "चहा घेतोस का रे?"