जरा सरकून घ्या!

चित्रात काय काढावं हे कोणीही सांगतं. काय काढू नये हे सांगायला चित्रकार लागतो. आपल्याला मोकळी जागा मुळी बघवतच नाही. घरात कोपरा मोकळा दिसला की तिथं आपण स्टूल ठेवतो, स्टुलावर फुलदाणी, आणि फुलदाणीत विजेचं बिल.

चित्रकलेत तृतीयांशाचा एक नियम आहे. कागदाचे उभे-आडवे तीन तीन भाग करायचे आणि महत्त्वाची वस्तू मधोमध न मांडता त्या रेघांच्या आसपास बसवायची. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रजानं १७९७ सालीच एकास दोन या प्रमाणाची शिफारस करून ठेवली होती. मुंबईच्या लोकलनं जाणाऱ्याला मात्र त्यासाठी पुस्तक नको. बाकावर ऐसपैस बसलेल्या तिघांकडे कोण बघतो? "जरा सरकून घ्या" म्हणत कडेला टेकलेल्या चौथ्याकडेच सगळ्यांचे डोळे!

होकुसाईची लाट घ्या. १८३१च्या सुमाराचं हे जपानी चित्र. डावीकडून अक्राळविक्राळ लाट उसळते आहे, आणि साऱ्या जपानला पूज्य असलेला फुजी पर्वत तिच्या पोटाखाली, रव्याच्या लाडवाएवढा! आपल्या मंडळाच्या अध्यक्षांना असं काढून बघा. वर्गणी बंद!

बरं, कॉम्प्युटरला हे जमतच नाही असंही नाही. १९६८ साली गेओर्ग नेस या जर्मनानं त्याच्याकडून चौकोन काढून घेतले. एका ओळीत १२, अशा २२ ओळी. वरचे कवायतीला उभे. खाली खाली येताना शाळा सुटल्यासारखे. पण शाळा कधी सोडायची, हे ठरवलं होतं नेसनं.

आमच्या मावशीचं कोकणातलं घर विकलं गेलं. आठवण राहावी म्हणून माझ्या भाच्यानं कॉम्प्युटरला चार ओळी सांगितल्या आणि मिनिटभरात ओटीचं चित्र हजर केलं. मधोमध झोपाळा, त्यावर मावशी, दोन्ही बाजूंना समया, केळी आणि वर एक मोर. मावशी "छान आहे हो" म्हणाली, पण कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका बघावी तशी.

शेजारच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी कोरा कागद घेतला. झोपाळा उजवीकडे सरकवला, मावशीला त्याच्या एका टोकाला बसवलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आजी, एवढी जागा रिकामीच?" भाचा म्हणाला. "निदान मोर तरी टाकू या."

मावशीनं झोपाळ्याच्या रिकाम्या टोकावर बोट ठेवलं.

"नको रे. इथं हे बसायचे."