दुखणे कानाशी, मूळ छातीत

ज्यांची उभी हयात ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात गेली आणि ज्यांच्या खिशातून विडीचे बंडल निवृत्तीनंतरही हद्दपार झाले नाही, त्या ऐरोलीच्या माझ्या थोरल्या बंधूंच्या उजव्या कानात व जबड्यात जेव्हा अखंड ठणका सुरू झाला, तेव्हा त्याचा संबंध फुफ्फुसाशी असेल अशी शंका घरात वा दवाखान्यात कोणालाच आली नाही. दंतवैद्याने दाढ काढली. कानाच्या डॉक्टरांनी पडदा निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. चेहऱ्याच्या नसेचा विकार समजून दिलेल्या गोळ्यांनी केवळ ग्लानी आली. वास्तविक त्या विकारात कळ क्षणार्धात चमकून जाते. दादांच्या दुखण्याने मात्र अहोरात्र मुक्काम ठोकला होता.

अखेर एका वयोवृद्ध डॉक्टरांनी दादांची फुगीर नखे व बोटांची गोलसर झालेली टोके न्याहाळली, घटलेल्या वजनाची चौकशी केली आणि चेहऱ्याचा विषय बाजूस ठेवून छातीचा एक्स-रे काढण्याचा हुकूम सोडला. उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी गाठ होती. १९४१ पासून परळला उभ्या असलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात तुकडा तपासल्यावर कर्करोगाचे निदान पक्के झाले.

उलगडा तेथेच झाला. मेंदूतून निघणारी व्हेगस ही नस मानेतून छातीत उतरते आणि तिची एक लहानशी शाखा कानाला संवेदना पुरवते. त्यामुळे छातीत गाठीने तिच्यावर दाब आणला, तरी मेंदू ती वेदना कानाच्या वा जबड्याच्या खात्यावर मांडतो. फिर्याद एका तालुक्यातली, नोंद दुसऱ्याच कचेरीत! असे रुग्ण विरळ असले, तरी १९८३ सालापासून वैद्यकीय नियतकालिकांतून त्यांची वर्णने आलेली आहेत. त्यांत गाठीच्याच बाजूचा, आणि बहुधा उजवा, चेहरा दुखतो.

किरणोपचारांनी दादांचा ठणका ओसरला. कान व जबडा निरपराध असल्याचा याहून सबळ पुरावा कोणता हवा? रोग मात्र तोवर शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर गेला होता.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की विडी-सिगारेट ओढणाऱ्या अथवा पूर्वी ओढलेल्या माणसाचा एकाच बाजूचा कान वा जबडा सतत दुखत असेल आणि दात व कान निर्दोष ठरले असतील, तर छातीचा एक्स-रे, आणि शंका उरल्यास सीटी स्कॅन, काढावा काय, हे डॉक्टरांना आपण होऊन विचारावे.