चेहऱ्याची पाचवी तंत्रिका

मेंदूतून निघणाऱ्या तंत्रिकांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी, म्हणजे ट्रायजेमिनल किंवा त्रिशाख तंत्रिका, ही सर्वांत जाड असून, ज्या भ्रूणीय कमानीतून पुढे जबडे घडतात तिच्याशी तिचे नाते जन्मापूर्वीच जुळलेले असते. नवजात अर्भकाच्या गालाला बोट लागताच ते तोंड वळवून स्तन शोधू लागते, तेव्हा तो स्पर्श मेंदूपर्यंत हीच पोहोचवते.

कवटीच्या तळाशी मेकेलच्या पोकळीत तिची गुच्छिका, म्हणजे संवेदी पेशींचा पुंजका, असतो. तेथून पहिली शाखा डोळा व कपाळाकडे, दुसरी गाल व वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे जाते आणि चर्वणाचे स्नायू हलवणारे तंतू केवळ या तिसरीतच असतात. हसू मात्र सातव्या तंत्रिकेचे; ही विभागणी 1820च्या दशकात चार्ल्स बेल व हर्बर्ट मेयो यांच्या प्रयोगांतून उलगडली.

मिरचीचा तिखटपणा ही खरे तर चव नसून याच तंत्रिकेच्या टोकांना जाणवणारा दाह आहे, म्हणूनच मिरचीचा हात डोळ्याला लागला तरी तशीच आग होते. त्याहून विलक्षण आहे ते भातातला खडा दाताखाली येताच जबड्याचे विचारापूर्वीच थबकणे. शरीरात इतरत्र स्पर्शाच्या पहिल्या पेशी मेंदू व मज्जारज्जूच्या बाहेर असतात. पण दातांवरील दाब आणि चर्वण-स्नायूंचा ताण कळवणाऱ्या अनेक पेशी थेट मेंदूतच वसलेल्या आहेत, आणि शरीररचनाशास्त्रातील इतका सुंदर अपवाद विरळाच.

पन्नाशीनंतर क्वचित हीच तंत्रिका वैरीण होते. तिच्या मुळावर बहुधा एखादी धमनी दाबत राहते आणि तोंड धुणे, दात घासणे, घास चावणे, एवढ्यानेही विजेच्या झटक्यासारखी कळ क्षणभर चेहऱ्याच्या एकाच बाजूला उठते. जॉन फॉदरगिल यांनी 1773 मध्ये या व्याधीचे नेमके वर्णन केले. आज कार्बामाझेपिन हे औषध, आणि ते पुरे न पडल्यास धमनी अलग करण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. तरीही कळ दातातलीच समजून धडधाकट दाढा उपटल्या जातात, ही गोष्ट क्लेशकारक आहे. म्हणून क्ष-किरण चित्रात दात निर्दोष दिसत असूनही अशी कळ येत असेल, तर दाढ काढण्यापूर्वी रुग्णाने मेंदूविकारतज्ज्ञाला अवश्य दाखवावे.