धारवाडची कसुती : आधी मोजा, मग टाका घाला

धारवाडला गेलेला पाहुणा पेढ्यांचा पुडा घेतल्याशिवाय परतत नाही. पण ज्या गृहिणींना सुईदोऱ्याची आवड आहे, त्यांची पावले आधी साड्यांच्या दुकानाकडे वळतात. तिथे गडद इरकलीवर गोपूर, रथ, अंबारीचा हत्ती, मोर आणि तुळशीवृंदावन अवतरलेले असते. हीच ती कसुती!

उत्तर कर्नाटकातले हे टुमदार शहर मराठी माणसाला परके वाटत नाही. १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यातच होता. ज्ञानपीठ विजेते कवी द. रा. बेंद्रे यांची साधनकेरी इथलीच, मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणेही इथलेच. पूर्वी या भागात नववधूला कसुती काढलेली काळी चंद्रकळा देत असत.

ना छाप, ना गाठ

कसुतीचे वैशिष्ट्य असे की, कापडावर आधी नक्षी छापत नाहीत. उभे-आडवे धागे मोजून थेट टाके घालायचे. दोऱ्याला गाठही मारायची नाही. टाके चार प्रकारचे. गवंती म्हणजे सरळ रेघेचा दुहेरी धावदोरा, मुरगी पायऱ्यापायऱ्यांचा, नेगी विणकामासारखा दिसणारा आणि मेंथी फुलीचा. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात.

गवंतीत सुई जाताना एकाआड एक टाका घालते आणि परतताना राहिलेल्या जागा भरते. म्हणून निघण्याआधीच परतीची वाट ठरवावी लागते. जाताना एक धागा चुकला, तर परतताना रेघ जुळत नाही. मग महागड्या साडीवरचे काम उसवण्याची पाळी येते. या भीतीपोटीच अनेकजणी सुई हातात घ्यायला कचरतात.

धीर येतो मोजण्यातून

खरे तर ही कला धाडसाची नाही, हिशेबाची आहे. पहिला प्रयोग साडीवर न करता, ज्याचे धागे सहज मोजता येतात अशा मॅटीच्या कापडावर करावा. कापडाची चौघडी घालून मध्य काढावा. नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवून सुई कुठून जाणार, कुठून परतणार, हे पेन्सिलीने बाण काढून ठरवावे.

समजा, पट्टी ३०० चौकोनांची आहे आणि एक मोर २४ चौकोन घेतो. दोन मोरांमध्ये ६ चौकोन सोडले आणि दोन्ही टोकांना ३-३ ठेवले, तर बरोबर १० मोर बसतात. एवढा हिशेब जमला की शेवटचा मोर अर्धवट राहण्याची धास्ती उरत नाही. मग रंग बदलावेत, मोराशेजारी आपल्या अंगणातले वृंदावन आणावे. पाया पक्का असला की स्वतःच्या कल्पनेला वाव देता येतो.

खरेदी करताना

हल्ली यंत्रावर काढलेली कसुतीही बाजारात मिळते. ती स्वस्त असते, त्यामुळे हाताने काम करणाऱ्या बायकांच्या मजुरीवर गदा येते. साडी घेताना पदर उलटून पाहा. गवंती आणि मुरगीची नक्षी मागूनही तितकीच स्वच्छ दिसली, गाठी नसल्या, तर ते हातकाम समजावे. किंमत जास्त वाटली, तरी त्यामागचे मोजलेले धागे आठवून घासाघीस जरा बेतानेच करावी.

कसे जाल

धारवाड पुणे-बेंगळुरू महामार्गावर आहे. मिरज, बेळगावमार्गे रेल्वेनेही जाता येते. हुबळी तिथून जेमतेम २० किलोमीटर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परतताना पेढ्यांबरोबर मॅटीचा एखादा तुकडा आणि रेशमाच्या दोन लडी पिशवीत असू द्या. पेढे चार दिवसांत संपतील, पण तुमच्या हातचा पहिला मोर लेकीच्या संसारापर्यंत पोहोचेल.